पियुषिकेतला अनोळखी रेणू

कवटीच्या तळाशी, हाडाच्या एका खोबणीत ती बसलेली असते. पियुषिका, म्हणजेच पिट्युटरी ग्रंथी. वजन जेमतेम अर्धा ग्रॅम. शरीराची वाढ, प्रसूतीच्या कळा, आईचं दूध, मूत्रातून जाणारं पाणी, सगळीकडे तिचा शब्द चालतो. तो पोचवतात पेप्टाइडं, अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या. ऑक्सिटोसिन तर अवघ्या 9 अमिनो आम्लांचं.

नवं पेप्टाइड शोधायचं कसं? मृत्यूनंतर दान मिळालेल्या ग्रंथी गोठवून ठेवतात आणि थंड आम्लात घोटतात. कारण ऊतीतली विकरं जागी राहिली, तर हवा तो रेणूच कुरतडला जातो. मग तो अर्क स्तंभांतून, म्हणजे बारीक कणांनी भरलेल्या नळ्यांतून सोडायचा, घटक वेगळे करायचे. हाती येतो तो अगदी किंचित अंश. स्वीडिश जैवरसायनशास्त्रज्ञ पेर एडमन यांच्या पद्धतीनं त्याच्या एका टोकाकडून एकेक अमिनो आम्ल सोडवत क्रम वाचायचा. आज हे वाचन बहुतांशी मास स्पेक्ट्रोमीटर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणारं यंत्र करतं.

1967 मध्ये मिशेल क्रेतियँ आणि चो हाओ ली या संशोधकांना मेंढीच्या पियुषिकेत एक मोठी गोष्ट दिसली: लहान संप्रेरकाचा क्रम एका लांब साखळीच्या पोटातच होता. म्हणजे ग्रंथी आधी लांब साखळी घडवते आणि मग ती कापते! अधिवृक्क ग्रंथींना चालना देणारं 39 अमिनो आम्लांचं एसीटीएच आणि वेदना शमवणारं 31चं बीटा-एंडॉर्फिन, दोन्ही एकाच साखळीतून निघतात.

पण कापणारं कोण?

1982 च्या सुमारास कॅनडातल्या माँट्रियलमध्ये क्रेतियँ आणि नबील सैदा यांच्या गटाला डुकराच्या आणि माणसाच्या पियुषिकेत एक अनोळखी प्रथिन सापडलं. नाव पडलं 7B2. क्रम हाती आला, काम मात्र कळेना. मला या शोधातला हाच टप्पा सर्वांत मोलाचा वाटतो. उपयोग ठाऊक नसतानाही त्यांनी त्याची नीट नोंद करून ठेवली.

पुढे 1990 च्या दशकात उलगडा झाला. साखळ्या कापणाऱ्या पीसी2 या विकराचं 7B2 हे सोबती निघालं. त्याच्याशिवाय पीसी2 कार्यक्षम होतच नाही. 1999 मध्ये 7B2 नसलेले उंदीर तयार केले गेले. त्यांच्या पियुषिकेच्या मधल्या भागात एसीटीएच पुढे न कापलं जाता साठलं, रक्तात बेसुमार उतरलं, आणि ती पिल्लं काही आठवड्यांतच दगावली.