वरून खाली येणारे निरोप: दृष्टीची उलट वाट

श्रोतेहो, नमस्कार.

डोळ्यांपुढचं दृश्य मेंदूत कसं पोचतं, हे पुस्तकांत बहुधा एकाच दिशेच्या बाणांनी दाखवलेलं असतं. दृष्टिपटलाकडून मेंदूच्या आतल्या थॅलॅमस या भागातल्या एलजीएन या केंद्रात, तिथून डोक्याच्या मागच्या भागातल्या व्ही-वन या पहिल्या दृष्टिक्षेत्रात आणि पुढे व्ही-टू, व्ही-फोर, हालचाल टिपणारा एमटी असा हा प्रवास. बाण खरे आहेत, पण निम्मेच. एलजीएनमधून निरोप पुढे धाडणाऱ्या पेशींवरच्या चेतासंधी, म्हणजे दोन चेतापेशींमधले जोड, मोजल्या, तर त्यांतल्या जेमतेम ५ ते १० टक्के दृष्टिपटलाकडून आलेल्या निघतात. कॉर्टेक्सच्या, म्हणजे मेंदूच्या बाहेरच्या आवरणाच्या, सहाव्या थरातून उलट खाली उतरणाऱ्या तंतूंच्या मात्र सुमारे ३० टक्के. इथे एक घाईचा निष्कर्ष टाळायला हवा. दृष्टिपटलाच्या चेतासंधी थोड्या असल्या तरी जोरकस असतात, पेशीला खरी चालना त्याच देतात. कॉर्टेक्सकडून येणारा फीडबॅक सहसा एकटा पेशी पेटवत नाही. पेटलेल्या पेशीचा प्रतिसाद वाढवतो किंवा दाबतो.

कॉर्टेक्सच्या आतही हेच चालतं. वर जाणारे तंतू मुख्यतः चौथ्या थरात संपतात, परतीचे तंतू तो थर टाळून पहिल्या थरात आणि तळाच्या थरांत पसरतात. याच खुणेवरून फेलमन आणि व्हॅन एसेन यांनी १९९१ मध्ये मकाक माकडाच्या ३२ दृष्टिक्षेत्रांची उतरंड मांडली. बहुतेक जोड्यांमध्ये संबंध दुहेरी आढळले.

आता हे काम करताना पाहूया. कागदावर चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार काळ्या चकत्या काढा आणि प्रत्येकीचा आतल्या बाजूचा पाव भाग कोरा ठेवा. मधोमध पांढरा चौकोन उठून दिसेल, त्याच्या कडाही दिसतील. दोन चकत्यांमधल्या जागी शाईचा ठिपकाही नाही. हे चित्र इटलीच्या गाएतानो कानिझा यांचं. नजरेच्या मध्याजवळची व्ही-वनमधली एक पेशी दृश्याचा इवलासा तुकडा पाहते. हात लांब करून धरलेल्या अंगठ्याच्या नखाहूनही लहान. मग त्या कोऱ्या जागेची पेशी बोलते का? बोलते, पण उशिरा. ली आणि न्युएन यांनी २००१ मध्ये मकाकांत नोंदवलं, की या काल्पनिक कडेचा प्रतिसाद व्ही-टूमध्ये साधारण ६५ मिलिसेकंदांनी उमटतो आणि व्ही-वनमध्ये १०० च्या सुमारास. खरी रेघ असेल तर व्ही-वन ४० ते ५० मिलिसेकंदांतच बोलू लागतो. खालच्या पायरीवर उत्तर वरच्या पायरीनंतर येतं, ही फीडबॅकची बोलकी खूण. पण पुरावा म्हणून एवढं पुरत नाही. व्ही-वनमधल्या शेजारी पेशींचे आडवे तंतूही हा उशीर घडवू शकतात.

म्हणून वेग मोजावा लागतो. आडव्या तंतूंचा वेग सेकंदाला ०.१ ते ०.३ मीटर, म्हणजे एक सेंटिमीटर जायला ३० ते १०० मिलिसेकंद. फीडबॅकचे तंतू सेकंदाला सुमारे ३.५ मीटर वेगाने निरोप आणतात. तेवढंच अंतर ३ मिलिसेकंदांत कापतात. दृश्याच्या दूरच्या भागाचा परिणाम पेशीवर लवकर दिसला, तर संशय फीडबॅकवर जातो.

खात्री मात्र तो मार्ग बंद करूनच होते. ह्यूपे आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये एमटी थंड करून तात्पुरता गप्प केला. पार्श्वभूमीवर जेमतेम उठून दिसणाऱ्या हलत्या पट्टीला व्ही-वन, व्ही-टू, व्ही-थ्रीमधला प्रतिसाद घटला. ठळक पट्टीवर परिणाम कमी होता. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. डोळ्यांकडून आलेली माहिती जिथे अपुरी, तिथेच वरच्या क्षेत्रांची मदत जास्त दिसते.

थंड करण्यात अडचण अशी, की त्या क्षेत्राचे सगळेच मार्ग एकदम बंद होतात आणि परिणाम थॅलॅमसमार्गे वळसा घालूनही येऊ शकतो. यावर उपाय ऑप्टोजेनेटिक्स: व्ही-टूच्या पेशींत प्रकाशाला प्रतिसाद देणारं प्रथिन घालायचं आणि प्रकाश फक्त व्ही-वनमधल्या त्यांच्या टोकांवर पाडायचा, म्हणजे तेवढाच परतीचा मार्ग गप्प होतो. नुर्मिनेन यांच्या गटाने २०१८ मध्ये मार्मोसेट माकडांवर हे केलं. पेशींची ग्राही क्षेत्रं, म्हणजे दृश्याचे ज्या तुकड्यांना त्या प्रतिसाद देतात ते, रुंदावली, भोवतालच्या दृश्यामुळे होणारी दाबणूक कमी झाली. लेझरची तीव्रता वाढवल्यावर मात्र प्रतिसादच घटला. म्हणजे फीडबॅक किती कमी होतो, त्यावर निकाल बदलतो.

इथे खबरदारी हवी. लेझरने ऊती तापते आणि नुसत्या उष्णतेनेही पेशींचं वागणं बदलतं. म्हणून प्रथिन न घातलेल्या जागेवर तेवढाच प्रकाश टाकून तुलना करावीच लागते. पेशी गप्प करणारं आर्च नावाचं प्रथिन टोकांवर काही मिनिटं सलग उजळलं, तर गप्प होण्याऐवजी तिथून निरोपाच्या रसायनाचा उत्स्फूर्त स्राव उलट वाढतो. म्हणून प्रकाशाचे ठोके छोटे ठेवायचे. भूल दिलेल्या प्राण्यात फीडबॅक शोधतानाही सावध राहावं. लामे यांच्या गटाला १९९८ मध्ये आढळलं, की भुलीत व्ही-वनच्या पेशी रेघेची दिशा ओळखत राहतात, पण आकृती आणि पार्श्वभूमी यांतला फरक दाखवणारा उशिराचा प्रतिसाद नाहीसा होतो. अशा प्राण्यात तो दिसला नाही, म्हणून तो मार्गच नाही असं म्हणता येत नाही.