मोनालचा हिवाळा: चोपता, गढवाल

देहरादूनच्या हवामान केंद्राचा इशारा आलाय. रुद्रप्रयाग, चमोली, उत्तरकाशी: तीन हजार मीटरच्या वर हिमवृष्टीची शक्यता.

या ओळीत महत्त्वाचा आहे तो उंचीचा आकडा, प्रवाशांसाठी आणि मोनाल पक्ष्यासाठीही.

सारी गाव साधारण 2,000 मीटरवर. त्याच्या वर, 2,700 मीटरच्या आसपास, चोपता. तिथून दगडी पायवाटेने चढत गेलं की 3,680 मीटरवर तुंगनाथाचं देऊळ. बर्फाची रेघ तीन हजारांवर थांबली, तर चोपत्यात नुसता गारठवणारा पाऊस. तीच रेघ अडीच हजारांवर उतरली, की उखीमठकडून येणारा रस्ता बंद, गाड्या खाली अडकलेल्या, आणि पुढचा सगळा प्रवास पायी.

हजार मीटर चढलं की हवा सरासरी साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे तीनशे मीटरचा फरक जेमतेम दोन अंशांचा. भूमध्य समुद्राकडून निघालेले पश्चिमी झंझावात उपग्रहाला काही दिवस आधी दिसतात. ढग जवळ आले की सुरकंडा, मुक्तेश्वर आणि लॅन्सडाउनची डॉप्लर रडार त्यांना टिपतात. पण कुठल्या वळणावर पावसाचं बर्फ होणार, हे त्या दोन अंशांवर ठरतं, आणि ते दरीगणिक बदलतात. पुण्या-मुंबईहून येणाऱ्यांची तिकिटं महिनोन्‌महिने आधी काढलेली असतात. डोंगराचा भरवशाचा अंदाज मात्र चार-पाच दिवसांपलीकडे जात नाही. म्हणून इथे येताना हातात दोन दिवस जादा ठेवावेत. इशारा केशरी झाला, तर वर जाऊच नये.

[दृश्य: खर्सूचं, म्हणजे उंचावरच्या ओकचं जंगल, उतारावर विरघळणारं बर्फ]

पक्ष्यांचा हिवाळासुद्धा उंचीवरच चालतो. यातले बरेचसे दूरदेशी जात नाहीत, फक्त डोंगर उतरतात. उन्हाळ्यात बुग्यालांवर, म्हणजे उंचावरच्या गवताळ माळांवर दिसणारा मोनाल बर्फ साचलं की खर्सू आणि बुरांशच्या (ऱ्होडोडेंड्रॉनच्या) जंगलात येतो. मोनाल हा उत्तराखंडचा राज्यपक्षी. नराच्या अंगावर हिरवा, निळा, तांबूस असे धातूसारखे चमकणारे रंग. मादी तपकिरी, पालापाचोळ्यात सहज हरवणारी. त्याची वाकडी, भक्कम चोच बघा. तिनेच तो बर्फ उकरतो, खालची माती खणतो, कंद, मुळं आणि किडे शोधतो.

बर्फ पडून गेल्यावर त्याला शोधायचं कुठे? दक्षिणेकडे तोंड असलेल्या उतारांवर. तिथे ऊन सरळ पडतं, माती लवकर उघडी होते. उत्तरेच्या उतारावर तेच बर्फ आठवडेच्या आठवडे टिकतं. सकाळी कोवळं ऊन उतारावर आलं, की थांबा आणि दुर्बिणीतून बघा. पाठलाग करू नका, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवू नका. कडाक्याच्या थंडीत उडवून लावलेल्या पक्ष्याची खर्च झालेली ताकद सहजी भरून येत नाही. एका फोटोसाठी हे करणं मला अजिबात मान्य नाही.

खाली मंदाकिनीच्या काठी वेगळीच मंडळी. उंच कड्यांवरचा वॉलक्रीपर हिवाळ्यात नदीकाठच्या खडकांवर उतरतो. राखाडी अंग, आणि पंख उघडले की किरमिजी. पांढऱ्या टोपीचा रेडस्टार्ट प्रवाहातल्या दगडांवर शेपूट हलवत बसतो.

देवही खाली येतो. हिवाळ्याच्या तोंडावर तुंगनाथाची कवाडं बंद होतात आणि डोली मक्कूमठला नेली जाते. पुढचे सहा महिने पूजा तिथेच.

हे सगळं वेळापत्रक बर्फावर उभं आहे, आणि बर्फ आता चुकायला लागलंय. 2024 चा जानेवारी वायव्य भारतात 1901 पासूनचा दुसरा सर्वांत कोरडा जानेवारी ठरला. अशा हिवाळ्यात उंचावरचे उतार उघडे राहतात, मग पक्ष्यांना खाली येण्याची निकड राहत नाही. बर्फ बघायला येणारे येत नाहीत, आणि सारीतल्या वाटाड्यांचा, घरी पाहुणे ठेवणाऱ्या कुटुंबांचा हंगाम वाया जातो. शेतांना मिळणारी ओलही कमी पडते.

म्हणूनच इथे पक्षी बघणाऱ्याने नुसती नावांची यादी करून थांबू नये. मोनाल दिसला, तर तारीख, उंची, उताराची दिशा आणि बर्फ किती होतं, तेही लिहावं. ई-बर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर नोंद टाकताना शेऱ्याच्या रकान्यात एवढं सहज मावतं. वाटाड्यांच्या मोबाइलवर हवामानाचा इशारा येतोच. त्याच्या शेजारी अशा नोंदी साठत गेल्या, तर कुठल्या हिवाळ्यात पक्षी किती खाली उतरले, हे दहा वर्षांनी नेमकं सांगता येईल.