गळका तलाव

नमस्कार, श्रोतेहो.

एसटीत बसा, पारावर बसा, नाहीतर लग्नाच्या पंगतीत. हल्ली एक वाक्य हमखास कानावर येतं. 'सरकारनं लोकांना फुकट खायची सवय लावली.' आणि त्याच्या पाठोपाठ दुसरं, 'पैसे द्या, पण काम करून घ्या.' बोलणारा बहुतेक वेळा नुकताच जेवून उठलेला असतो.

बेकाराला मदत द्यायची तर त्याच्याकडून काम घ्यावं का, हा आपल्याकडे जुनाच वाद आहे. 1877 च्या दुष्काळात इंग्रज सरकारनं दुष्काळी कामावरच्या माणसाचं धान्य दिवसाला एका पौंडावर आणलं. एक पौंड म्हणजे अर्धा किलोसुद्धा नाही, आणि तेवढ्यावर दिवसभर खडी फोडायची. मजुरांनी कामं सोडली, पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यांची बाजू लावून धरली. म्हणजे कामाला नाही म्हणणारा माणूस आळशीच असतो असं नाही, हे तेव्हाही लोकांना कळत होतं.

मग आली आपली रोजगार हमी. विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 साली तासगाव तालुक्यातल्या विसापूरला प्रयोग करून पाहिला, 1972 च्या दुष्काळानं त्याला बळ दिलं, 1977 साली विधिमंडळात कायदा झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून तो लागू झाला. त्याचं सूत्र होतं, मागेल त्याला काम. पुन्हा सांगतो, मागेल त्याला. सरकार बोलावेल त्याला नाही. काम मागायचं माणसानं, आणि ते पंधरा दिवसांत दिलं नाही तर बेकारी भत्ता द्यायचा सरकारनं. हमी सरकारची, मजुराची नव्हे. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर व्यवसाय कर म्हणून 200 रुपये कापलेले दिसतात ना, फेब्रुवारीत 300? तो कर मुळात याच योजनेसाठी बसवलेला. तेव्हा कुरकुर करताना निदान कशासाठी करतो ते माहीत असू द्या.

'रोजगार हमी, अर्धं तुम्ही अर्धं आम्ही' ही, कामातले पैसे खाणाऱ्यांवरची म्हण मलाही पाठ आहे. पण मला आज सांगायचंय ते आमच्या जिजीचं.

जिजी म्हणजे माझी आजी. गाव माण तालुक्यातलं, म्हसवडच्या अलीकडे. बहात्तरचा दुष्काळ, मी चौथीत. त्या उन्हाळ्यात राज्यात सुमारे 50 लाख माणसं दुष्काळी कामांवर होती, त्यात आमच्या घरातली चार. आई, चुलती, थोरला भाऊ आणि साठी उलटलेली जिजी. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचं काम निघालं होतं. पुरुषांनी चौकड्या, म्हणजे मापाचे चौकोनी खड्डे, खणायच्या, बायकांनी पाट्या वाहायच्या. जिजीची चुंबळ, म्हणजे डोक्यावर पाटीखाली ठेवायची कापडाची गुंडाळी, जुन्या लुगड्याची होती, ती कुणाला हात लावू द्यायची नाही. दुपारी आम्हा पोरांना सुकडी मिळायची, घरी मिलोची भाकरी. मिलो म्हणजे तांबडी अमेरिकन ज्वारी. तिला तेव्हा आम्ही नाकं मुरडली, आणि आता शहरात ज्वारीलाच 'मिलेट' म्हणतात अन् काचेच्या बरणीतून दुप्पट पैशाला विकतात. असो.

जिजी सात महिने पाटी वाहत होती. मुकादम म्हणायचा, म्हातारे, सावलीत बस, हजेरी लावतो. ती बसायची नाही. म्हणायची, 'मस्टरवर आंगठा माझा हाय, तुझा न्हाय.'

पावसाळा झाला, परतीच्या पावसानं तलाव भरला. जिजी मला हाताला धरून बांधावर घेऊन गेली. पाण्याकडे बघत उभी राहिली, जणू पोरगं जन्माला आलंय. येईल त्या पाहुण्याला ती तलाव दाखवायची. आणि मग पाणी उतरायला लागलं. दिवाळीला अर्धं, संक्रांतीला तळाचा चिखल.

जिजी खवळली. 'मेल्यांनी गळका तलाव बांधला! आमच्याकडनं सात म्हैनं माती वाहून घेतली अन् बुडाला भोक ठेवलं!' बाजाराच्या दिवशी तिनं ओव्हरसियरला चावडीसमोर गाठलं. तो बिचारा समजावतोय, 'आजी, पाझर तलाव आहे, तो पाझरायलाच बांधतात. पाणी जमिनीत मुरतं, खालच्या विहिरींना उतरतं.' जिजी म्हणाली, 'लेका, गळकी घागर विकनाराबी असंच सांगतो.'

पण ओव्हरसियर खोटं बोलत नव्हता. माघ-फाल्गुनात तलावाखालच्या एका विहिरीला पाणी वाढलं. कुणाच्या? आमच्या भावकीतल्या तात्यांच्या. बांधाच्या भांडणावरून सहा वर्षं आमचं बोलणं बंद. आमचं रान तलावाच्या वर, माळाला. पाणी काही चढ चढत नाही. तात्यांच्या मळ्यात मोट सुरू झाली, कांदा लागला. तात्यांच्या घरचं माणूस त्या कामावर एक दिवस आलं नव्हतं.

श्रोतेहो, त्या रात्री जिजी जेवली नाही. एवढंच म्हणाली, 'आमी पाटी वाहायची आन पानी भावकीनं प्यायचं?'

हा प्रश्न मला आजवर कुठल्या भाषणात ऐकू आलेला नाही. काम करून घ्या म्हणता, ठीक आहे. पण त्या कामाचं पाणी कुणाच्या विहिरीला लागतं? ज्याला जमीनच नाही त्याला तर माळसुद्धा नव्हता. त्याच्या हाती आठवड्याचा पगार, आणि विहिरीतलं पाणी मळेवाल्याचं.

आता 2024 सालची युवा कार्य प्रशिक्षण योजना घ्या. बारावी झालेल्याला महिन्याला 6 हजार, आयटीआय-पदविकावाल्याला 8 हजार, पदवीधराला 10 हजार. सुरुवातीला मुदत सहा महिन्यांची, कचेरीत नाहीतर कारखान्यात काम. बेकाराला पैसे मिळाले, कामही झालं, चांगलंच आहे. फक्त एवढं विचारा, पोरगं तिथं काही शिकलं, की साहेबांचे कागद झेरॉक्स करत राहिलं? आणि ज्या टेबलावर तो बसला, त्या टेबलाची कायमची जागा भरायची राहून तर गेली नाही ना? पुन्हा तेच, पाणी कुणाच्या विहिरीला?

ज्याला खरंच काम होत नाही, त्याला बिनकामाचं द्यावं, याबद्दल मी बोलतसुद्धा नाही. ते आपल्या घरात आपण रोज करतो.

वेळ संपत आलीय, जिजीचं राहिलेलं सांगतो. वैशाखात आमची विहीर तळाला गेली. आई म्हणाली, दोन मैलांवरून आणू. जिजीनं फळीवरची चुंबळ काढली, तीच लुगड्याची, घागर घेतली आणि भरदुपारी सरळ तात्यांच्या मळ्यात. मी मागं मागं. तात्या मोटेवर होते. जिजी त्यांच्याकडे न बघता थारोळ्याशी, मोटेचं पाणी पडतं त्या कुंडाशी गेली, घागर लावली. तात्यांनी बैल थांबवले. मग काय मनात आलं, बैल पुन्हा हाकलले, मोट वर आली, थारोळं भरलं.

जिजी घागर डोक्यावर घेत मोठ्यानं म्हणाली, मला म्हणून, 'बघून चाल रं. सात म्हैन्यांचं पानी हाय, सांडंल.'

नमस्कार.