माफ मालावरचा कर आणि छोट्या पक्षाचं पत्रक

श्रोतेहो, नमस्कार.

निवडणूक लागली की चोपड्याच्या स्टँडवर, शिरपूरच्या बाजारात, सावद्याच्या चौकात एखादा असा उमेदवार हमखास दिसतो, ज्याच्या मागे गाड्यांचा ताफा नसतो. हातात पत्रकांचा गठ्ठा, सोबत दोन-चार कार्यकर्ते. पत्रकावर एकच विषय: कर. हा कर रद्द करा, तो कमी करा, सगळी पद्धत सोपी करा. लोक पत्रक घेतात, चिन्ह विचारतात आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "भाऊ, निवडून येणार का तुम्ही?"

बहुतेक वेळा येत नाहीत. विधानसभेला दहा हजारांची अनामत. वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या वर मतं गेली नाहीत की तीही जप्त. तरीसुद्धा हे पत्रक बाजारातच टाकून न देता घरी नेऊन वाचावं, अशी माझी तुम्हाला मनापासून विनंती आहे. मोठे पक्ष काय काय देणार हे सांगतात. ते कोणाच्या खिशातून येणार, हे बोलणारा माणूस प्रचारात विरळाच.

कराचं भांडण खानदेशाला नवं नाही. १८५२ साली इंग्रजांनी नवा सारा बसवण्यासाठी जमिनीची मोजणी काढली, तेव्हा सावदा, रावेर, चोपडा या भागातला शेतकरी मोजणीला आडवा आला होता. सावद्यावर आणि फैजपूरवर शिबंदी धाडून सरकारने ते मोडून काढलं. त्याच फैजपूरला १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं आणि सारा-खंड कमी करण्याची मागणी तिथल्या शेतीविषयक ठरावात आली.

स्वातंत्र्यानंतर कर आणि परवाने हा विषय घेऊन उभा राहिलेला मोठा प्रयत्न स्वतंत्र पक्षाचा. १९५९ साली राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी तो काढला. १९६७ ला लोकसभेत त्यांचे ४४ खासदार होते. दिल्लीची सत्ता त्यांना कधी मिळाली नाही, १९७४ मध्ये पक्ष विलीन होऊन संपलाही. त्या पक्षाच्या शेवटच्या वर्षांत प्राप्तिकराचा सर्वांत वरचा दर अधिभार धरून ९७.७५ टक्के होता! त्या वरच्या टप्प्यातल्या शंभरातले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याला. आणि योगायोग बघा, पक्ष संपला त्याच १९७४-७५ या वर्षी तो दर ७७ टक्क्यांवर आला, पुढे उतरत १९९७ मध्ये ३० वर. याचं सगळं श्रेय मी त्या पक्षाला देणार नाही, पण इतका कर लावला की लोक उत्पन्नच लपवतात, हे बोलायला लोकप्रिय नसलेलं म्हणणं त्यांनी संसदेत सतत मांडलं.

आपल्या महाराष्ट्रात शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी १९९४ साली स्वतंत्र भारत पक्ष काढला. त्यांचं म्हणणं होतं, शेतमालाचा भाव धोरणाने पाडून ठेवणं हा शेतकऱ्यावर बसवलेला करच आहे, फक्त त्याची पावती मिळत नाही. हे आपल्या कापूसवाल्यांना वेगळं समजवायला नको. १९७२ पासून एकाधिकार खरेदी होती, म्हणजे कापूस सरकारी खरेदीलाच द्यायचा. पलीकडे गुजरातेत किंवा मध्य प्रदेशात भाव चढा असला, तरी शहाद्याच्या नाहीतर शिरपूरच्या शेतकऱ्याने सीमेपलीकडे कापूस न्यायचा नाही. दोन भावांतला फरक कोणी भरला? त्यानेच भरला.

आता आजचं बोलू. शेतकऱ्याला कर नाही, असं शहरात सर्रास म्हणतात आणि गावातही लोक ते खरं मानून चालतात. शेतीच्या उत्पन्नाला प्राप्तिकर माफ आहे. ताज्या केळीवर जीएसटी शून्य. दोन्ही खरं. पण रावेर-यावल पट्ट्यातल्या कुठल्याही केळीवाल्याच्या हातातलं कृषी सेवा केंद्राचं बिल घेऊन बघा. बागेत करपा आला, हजार रुपयांचं बुरशीनाशक घेतलं. खाली दोन ओळी: सीजीएसटी, म्हणजे केंद्राचा वाटा, ९ टक्के, एसजीएसटी, म्हणजे राज्याचा, ९ टक्के. मोजावे लागतात ११८० रुपये. पीव्हीसी पाइपावर तसेच १८ टक्के. खताला ५. ठिबकवर १२ होता, तो २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, ही चांगलीच गोष्ट झाली. डिझेल जीएसटीत नाहीच. त्यावर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट.

औषधाच्या दुकानदाराने कंपनीला जो कर दिला, तो आपल्याकडून घेतलेल्या करातून वळता करून घेतो. कंपनीही कच्च्या मालावरचा कर अशीच वळती करते. शेतकऱ्यापाशी आल्यावर मात्र ही साखळी तुटते. त्याचा माल माफ, म्हणून तो नोंदणीबाहेर, म्हणून त्याने भरलेले १८० रुपये वळते करायला जागाच नाही. भावात घालावेत म्हटलं तर भाव त्याच्या हातात कुठे आहे? बऱ्हाणपूरचा भाव बघून व्यापारी सांगेल तो भाव.

तेव्हा कर सुधारा म्हणणारा पक्ष दारी आला, तर आपलं ऐकून घेणारा माणूस आला असं समजा. आणि त्याला नुसतं चहा पाजून वाटेला लावू नका, त्याला धरून बसवा. कर रद्द करा असं म्हणणं सोपं असतं. व्यवसाय कराचंच घ्या. नोकरदाराच्या पगारातून वर्षाला जास्तीत जास्त अडीच हजार कापले जातात आणि तो उठवा अशी मागणी होते. पण हा कर १९७५ साली महाराष्ट्राने बसवला तो रोजगार हमीला पैसा लागतो म्हणून. वि. स. पागे यांची ती योजना. दुष्काळात धुळे-नंदुरबारकडच्या किती घरांची चूल त्या कामांवर पेटली, किती पाझर तलाव आणि रस्ते त्यातून झाले, हे जुन्या माणसांना विचारा. कर उठवायचा तर हमीचा पैसा कुठून, हे पत्रकात लिहिलेलं असलंच पाहिजे. नसेल तर तसं तोंडावर सांगा. छोटा पक्ष आहे म्हणून त्याला सूट द्यायचं कारण नाही. उलट एकच विषय घेऊन आलाय, तर त्याचा अभ्यास मोठ्यांपेक्षा पक्का हवा.

माझा स्वतःचा एक प्रश्न मी तुमच्याकडे सोपवतो. आपल्याकडची केळी आखाती देशांत जाते. निर्यात शून्य दराची धरतात, त्यामुळे माल माफ असला तरी निर्यातदाराला खोक्यांवर, पॅकिंगवर भरलेला कर परत मागता येतो. कायद्यात तशी सोय आहे, आणि ती योग्यच आहे. त्याच खोक्यातली केळी ज्याने पिकवली, त्याने औषधावर आणि पाइपावर भरलेला कर परत मिळण्याची सोय नाही. ती कशी करणार? बिलं दाखवून परतावा, की औषधं-पाइपांचा दरच खाली आणणार? आणि राज्याची जी तूट पडेल ती कशातून भरणार? यंदा पत्रक घेऊन जो कोणी येईल, लहान पक्षाचा असो की मोठ्या, त्याला हे विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

नमस्कार.