'ऑरेंज'चे माहेर

सभासद बंधुभगिनींनो,

नागपूरच्या माणसाने परदेशात भाषणाला उभे राहावे आणि संत्र्याचा विषय काढू नये, हे आपण खपवून घेणार नाही. मात्र आज मी फळापेक्षा 'ऑरेंज' या इंग्रजी शब्दाच्या कुळाबद्दल बोलणार आहे, कारण त्याचे माहेर आपल्याकडेच आहे.

संस्कृतातील 'नारंग' हा शब्द बहुतेक अभ्यासकांच्या मते मूळचा द्राविडी भाषांतला. तो फारसीत 'नारंग' व अरबीत 'नारंज' होऊन अरबांबरोबर स्पेनमध्ये उतरला, आणि तेथील 'नारांखा'त पहिला 'न' आजही शाबूत आहे. इटली आणि फ्रान्समध्ये मात्र 'एक' या अर्थाच्या उपपदाच्या शेवटचा 'न' व या शब्दाचा पहिला 'न' बोलण्यात एकमेकांत मिसळून गेले. शिवाय फ्रेंचमध्ये सोन्याला 'ऑर' म्हणतात, त्याचाही रंग शब्दाच्या आरंभावर चढला असे मानतात. म्हणून 'अ नॉरेंज'चे इंग्रजांनी 'ॲन ऑरेंज' केले ही गोष्ट कितीही चटकदार असली तरी खरी नाही, कारण शब्द इंग्लंडला पोहोचला तोच 'न' गाळून. इंग्रजांनी स्वतः 'न' गमावला तो 'एप्रन'मध्ये. तो पूर्वी 'नेप्रन' होता आणि 'नॅपकिन' त्याच्याच घराण्यातला.

रंगाला हे नाव इंग्रजीत मिळाले ते सोळाव्या शतकात. त्याआधी 'पिवळा-तांबडा' अशा जोडशब्दावर भागत असे, आणि रॉबिन पक्ष्याची छाती सरळसरळ नारिंगी असूनही तिला तांबडी म्हणण्याची तिकडची रीत त्या काळातली आहे.

हा सारा प्रवास ज्या फळाबरोबर झाला ते कडू नारिंग, ज्याच्या सालीचे मार्मालेड इथल्या दुकानांत 'सेव्हिल' नावाने मिळते. काटोल-वरूडकडचे आपले संत्रे त्याहून निराळे: साल सैल, नखाने सुटणारी, फोडी अलगद वेगळ्या होणाऱ्या. त्याच्या नावाचा उगम पोर्तुगालमधील सिंत्रा गावात असल्याचे काहीजण छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 मध्ये, आणि 1530 मध्ये वारलेला बाबर आपल्या आठवणींत हिंदुस्थानच्या फळांमध्ये 'संगतरा' नोंदवून जातो. इतक्या थोड्या अवधीत गोव्याच्या किनाऱ्यावरचे परके गावनाव उत्तरेत आग्र्यापर्यंत रुळावे, हे अवघड दिसते.