वारसा हातात मुरावा लागतो

मंडळी, नमस्कार! परदेशातल्या आपल्या या मराठी मंडळाने विषय दिला ‘वारसा आणि कलाकाराची शैली’. मी चित्रं काढते, आणि मी मिरजेची, त्यामुळे सुरुवात मिरजेपासूनच करते.

आमच्याकडे सतारमेकरांची गल्ली आहे. तिथं दीडशेच्या वर वर्षं सतारी आणि तानपुरे बनतायत, 2024 मध्ये दोन्हींना जीआय टॅगही, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला. भोपळा येतो सोलापूरकडून, तो वाळवायचा, कापायचा, लाकूड जोडायचं, नक्षी, पॉलिश, सगळं झालं तरी तानपुरा बोलत नाही, कारण जवारी, म्हणजे तारेचा तो गुंजणारा झळाळ, लागायची असते. कारागीर घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, कानस फिरवतो, तार छेडतो, ऐकतो, परत घासतो, असं चालूच. घोडीला इतका बारीक उतार द्यायचा की तार त्याच्यावर हलकेच घासत थरथरली पाहिजे, मग तारेखाली सुती दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची, की एकदम आवाज झळाळतो. आणि ही जवारी सगळ्यांना एकसारखी लावून चालत नाही, कुणाला खुली, झळाळती लागते, कुणाला बंद, मऊ, गाणाऱ्याचा गळा आणि सूर बघून लावावी लागते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली विद्या, पण शेवटी ती एका माणसाच्या गळ्याला बसवायची. मला शैली म्हणजे हेच वाटतं.

आता याच मिरजेत राहून गेलेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, पण इथं रमले, कर्नाटक संगीतातली सरगम कानात साठवली आणि आपल्या ख्यालात आणली, मराठी नाट्यपदंही गायले. 1937 ला ते गेले, दफन मिरजेच्या दर्ग्यातच झालं, आजही उरसात मोठमोठे गायक तिथं हजेरी लावतात. म्हणजे वारसा फक्त जन्मगावाचाच मिळतो असं काही नाही हो, जिथं राहता तिथलंही कानावर पडू द्यावं लागतं. आपण इतक्या लांब आलोय तर हे आपल्याला जास्तच लागू आहे.

आणि वाटेगावचे अण्णा भाऊ साठे! वाळवा तालुका, जन्म 1920 चा. तमाशा त्यांच्या अंगात भिनलेला, मुंबईत गिरणी कामगारांमध्ये राहिले, 1944 मध्ये शाहीर अमर शेख आणि द. ना. गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक काढलं. तमाशाचा गण, म्हणजे सुरुवातीचं वंदन, गणपतीला असतो, अण्णांनी गण ठेवला पण त्यात वंदन केलं मायभूमीला, शिवरायांना. ढोलकी तीच, बाज तोच, बोलतोय मात्र कामगार. परंपरा इतकी आतून माहीत होती म्हणूनच ती वाकवायची हिंमत झाली, वरवर माहिती असणाऱ्याला हे जमत नाही, तो एकतर जशीच्या तशी कॉपी करतो नाहीतर सोडूनच देतो.

माझ्यापुरतं सांगायचं तर माझ्या चित्रात पिवळा फार येतो. इथल्या एका आर्ट क्लासमध्ये मला सांगितलं गेलं की हा पिवळा मळका आहे, स्वच्छ लेमन यलो वापर. पण सांगलीला हळदीचं मार्केट आहे, शिजवून वाळत घातलेली हळद मी लहानपणापासून बघितलीय, वरून मातकट तपकिरी आणि मोडली की आत गडद केशरी-पिवळी. माझ्या डोळ्यांना पिवळा म्हणजे तोच. बरीच वर्षं तो दाबायचा प्रयत्न केला, चित्रं निर्जीव व्हायला लागली, मग नाद सोडला. आता इथल्या बर्फाच्या चित्रातही तोच पिवळा येतो आणि मला ते फार आवडतं.

म्हणूनच मुलांच्या चित्रकला स्पर्धेबद्दल मनापासून बोलते. दरवर्षी आपण वारली बॉर्डर, नथ, फेटा, तुतारी काढायला लावतो. हौस चांगली आहे, पण प्रिंटआऊट बघून काढलेली नथ ही त्या पोराची नाही. त्याने आजीला भाकरी थापताना बघितलंय, व्हिडिओ कॉलवर कृष्णेचा पूर बघितलाय, घरात भजन ऐकलंय, शाळेत जाझ वाजवतो, ते त्याचं आहे. यंदा विषय देऊ नका अशी माझी कमिटीला विनंती आहे. मोठे कागद द्या, भरपूर रंग द्या, आणि आईबाबांनी दोन तास हॉलबाहेर चहा घ्यायचा. आत मी थांबते.