कांडीवरचा नंबर वाचता का? गाय भरवायच्या आधी हा व्हिडिओ बघा

(वही कॅमेऱ्यासमोर धरून)

दिसतंय का? थांबा, उजेडात धरते जरा. ही माझी गोठ्याची वही, आणि ह्या पानावर सेलोटेपने चिकटवलेल्या ह्या बारीक नळ्या बघा, उदबत्तीच्या काडीएवढ्या. सासूबाई म्हणतात, कचरा काय जमवत बसते. तर ह्या कांड्या आहेत. वीर्याच्या, रिकाम्या, धुवून घेतलेल्या. डॉक्टर गाय भरून गेले की हातमोजा आणि कांडी उकिरड्यावर जाते ना, ती कांडी मी उचलून आणते. कारण त्याच्यावर बारीक अक्षरात छापलेलं असतं, वळूचा नंबर, जात, कुठल्या केंद्रातली, कधी गोठवली. म्हणजे माझ्या गोठ्यातल्या कालवडींचा बाप कोण, ते ह्या पानावर आहे. तुमच्याकडे आहे का असं पान? खरं सांगा.

आमच्याकडेही नव्हतं, सहा वर्षांपूर्वीपर्यंत. लाडी नावाची जर्सी क्रॉस कालवड होती, पहिलाच माज, अंगाने बारीक. भरायला आलेला माणूस म्हणाला, "वहिनी, मोठ्या एचएफची टाकतो, दूध लय पडेल." एचएफ म्हणजे ती काळी-पांढरी होल्स्टिन. मी म्हटलं टाका. नंबर विचारला नाही, कसली कांडी ते विचारलं नाही, काहीच नाही. नऊ महिन्यांनी रात्री दोनला ती व्यायला लागली आणि वासरू अडकलं. पुढचे पाय बाहेर, डोकं येईना. पोरांचे पप्पा आणि शेजारचे दोघं दोरी लावून ओढत होते, पहाटे निघालं ते मेलेलंच, आणि लाडी चार दिवस उठलीच नाही. नंतर कळलं की पहिलारू, लहान चणीच्या कालवडीला कांडी निवडताना वळूची मुलं जन्मताना केवढी असतात हे बघायचं असतं, त्याचीसुद्धा नोंद ठेवतात, चांगल्या वळूच्या माहितीत "व्यायला सोपं की अवघड" असं वेगळं लिहिलेलं असतं. तो वळू कोणता होता ते मला आजही माहिती नाही, आणि म्हणूनच परत तोच वळू वापरला गेला असेल तर तेही मला कळणार नाही.

तर आजचा विषय तो, जेनेटिक्स. नावाने घाबरू नका.

आता आपण नाशिकची माणसं, आपल्याला जातीचं कळतं. निफाडला नाहीतर दिंडोरीला कोणालाही विचारा, थॉम्पसन द्राक्षाची काडी आणली, खुंटावर कलम केली, की थॉम्पसनच लागणार. शंभर झाडं केली तरी शंभरच्या शंभर तीच. आपल्या डोक्यात हेच बसलंय, आणि आपण गायीलाही हाच हिशोब लावतो. बाजारात गेलो, २५ लिटरची गाय दाखवली, लाखभर मोजले आणि मनात काय? हिची कालवड पण २५ लिटरची होणार. नाही होत! कारण काडी म्हणजे तेच झाड पुढे चाललेलं असतं, वासरू तसं नसतं. वासरात अर्धं आईचं, अर्धं बापाचं, आणि ते अर्धं पण कुठलं अर्धं ते दर वेळी नव्याने पिसलेल्या पत्त्यांसारखं. त्याच गायीच्या, त्याच वळूच्या दोन सख्ख्या बहिणी, एक २० लिटर देते, दुसरी १२ वर अडते. खाणं तेच, गोठा तोच.

आणि दुसरी गोष्ट अजून महत्त्वाची आहे, इथे जरा थांबा आणि हिशोब बघा. समजा माझ्या गोठ्याची सरासरी १२ लिटर. चंद्री माझी २० देते. म्हणजे सरासरीपेक्षा ८ जास्त. हे ८ लिटर कशामुळे? थोडं रक्तातलं, आणि बरंच काही दुसरं, तिला पेंड जास्त मिळाली, ती ज्या महिन्यात व्याली तेव्हा थंडी होती, मस्टायटिस, म्हणजे कासेचा आजार, झाला नाही, असं. दुधाच्या बाबतीत साधारण पाव हिस्सा आनुवंशिक धरतात, पंचवीस-तीस टक्के. म्हणजे ८ चा पाव, २ लिटर. तेवढंच चंद्रीच्या रक्तातलं. आणि त्यातलं ती वासराला देणार अर्धं. म्हणजे १ लिटर! बाप जर सरासरीच असेल तर २० लिटरच्या गायीची कालवड सरासरीने १३ लिटरची धरायची, २० ची नाही. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी गोठ्यात बसून दोनदा गुणाकार केला, म्हटलं कुठंतरी चुकतंय.

फॅटचं मात्र वेगळं आहे बरं का, फॅट टक्केवारीत आनुवंशिक हिस्सा दुधापेक्षा जास्त असतो, म्हणून डेअरीवर फॅट लागत नाही म्हणून नुसती सरकी वाढवणाऱ्यांनी वळूकडे पण बघा. आणि उलट गाभण राहण्याचं, म्हणजे पहिल्या कांडीत गाय राहते का उलटते, परत माजावर येते, त्यात रक्ताचा हिस्सा फारच कमी, पाच टक्क्यांच्या आत. तिथे वळूला दोष देऊन उपयोग नाही, तिथे मिनरल मिक्श्चर, माज वेळेवर ओळखणं, आणि सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरणं, हेच.

मग सुधारणा होते कुठून? बापाकडून. गाय आयुष्यात वासरं देणार किती, पाच, सहा, फार तर आठ. वळू एकावेळी देतो त्यातून शेकडो कांड्या होतात, नायट्रोजनच्या टाकीत उणे १९६ डिग्रीला ठेवल्या की वर्षानुवर्षं टिकतात. म्हणजे हजार वळूंमधून एक निवडायची सोय आहे, गायीत ती सोय नाही. पण गंमत अशी की वळू दूध देत नाही! मग त्याचं दूध मोजायचं कसं? त्याच्या मुली मोजायच्या. वेगवेगळ्या गावात, वेगवेगळ्या गोठ्यात त्याच्या कालवडी जन्मतात, मोठ्या होतात, व्यातात, त्यांचं दूध महिन्याला मोजतात, शेजारच्या दुसऱ्या गायींशी तुलना करतात, मग कळतं बाप कसा होता. यात सहा-सात वर्षं जातात. वळू म्हातारा.

इथे तो चिपचा विषय येतो ज्याच्याबद्दल सगळे विचारताय. २००९ मध्ये गायीचा पूर्ण जीनोम, म्हणजे सगळा डीएनए, वाचून प्रसिद्ध झाला, हेरफर्ड जातीची गाय होती, डॉमिनेट नावाची. आणि त्याच वर्षी जानेवारीत अमेरिकेत होल्स्टिनचं अधिकृत जिनोमिक मूल्यमापन सुरू झालं. आयडिया अशी की वासराच्या कानाचा बारीक तुकडा नाहीतर शेपटीचे केस मुळासकट घ्यायचे, डीएनए काढायचा, आणि जीनोमवर हजारो ठिकाणी कुठलं अक्षर आहे ते चिपने बघायचं. आधीच्या हजारो गायींचं डीएनए आणि दूध दोन्ही माहिती असतं, त्यावरून ह्या नव्या वासराचा अंदाज बांधायचा. जन्मल्या दिवशी! सात वर्षं थांबायला नको. आपल्याकडे पण ५ ऑक्टोबर २०२४ ला वाशिमच्या कार्यक्रमात पंतप्रधानांच्या हस्ते देशी गायींसाठी गौचिप आणि म्हशींसाठी महिषचिप आली, आणि त्याच दिवशी देशी बनावटीचं सेक्स सॉर्टेड सीमेनचं, म्हणजे कालवडच व्हावी म्हणून निवडलेल्या वीर्याचं, तंत्रज्ञान पण.

पण, आणि हा पण मोठा आहे, चिप स्वतः काही सांगत नाही. चिप फक्त अक्षरं वाचते. त्या अक्षराचा अर्थ "ही गाय जास्त दूध देणार" असा आहे हे कोण सांगतं? ज्या गायींचं दूध कोणीतरी खरोखर मोजून लिहिलं त्या गायी. तो कानातला पिवळा बिल्ला आहे ना, १२ आकडी, ज्याला आपण फक्त अनुदान आणि विम्यासाठी ठेवतो आणि गाय विकली की कापून टाकतो काही जण, तोच तो धागा आहे. दूध मोजायला आलेल्या पोराला "लिही अंदाजे पंधरा" सांगितलं की ती चूक थेट वळूच्या निवडीपर्यंत जाते. मी पण सांगितलंय अंदाजे. आता नाही सांगत, आता सकाळ-संध्याकाळ बादली काट्यावर.

सॉर्टेडचं पटकन सांगते, कारण रोज कॉमेंट असते. कालवड की गोऱ्हा हे वीर्य ठरवतं, एक्स शुक्राणू असला तर कालवड, वाय असला तर गोऱ्हा. आणि एक्सवाल्यात डीएनए जेमतेम ४ टक्के जास्त असतो. त्याला चमकणारा रंग लावतात, लेझरखालून एकेक शुक्राणू थेंबात सोडतात, जो जास्त चमकतो तो एका बाजूला. मला तर हे ऐकून तांदळातले खडे निवडणारी आजीच आठवली. शंभरात नव्वदच्या आसपास कालवडी होतात. पण साध्या कांडीत २ कोटी शुक्राणू तर ह्यात साधारण २० लाख, आणि मशीनमधून जाताना ते दमलेले, त्यामुळे गाय उलटायचं प्रमाण वाढतं. तीनदा उलटलेल्या म्हाताऱ्या गायीला सॉर्टेड टाकून पैसे घालवू नका, निरोगी, वजनात बसलेल्या कालवडीला टाका. आणि सॉर्टेड म्हणजे चांगल्या वळूचं असं नाही हां, सॉर्टेड म्हणजे फक्त कालवड. वळू भिकार असला तर नव्वद टक्के भिकार कालवडी.

आता सगळंच दुधासारखं हजार जीन्सचं गुंतागुंतीचं नसतं. काही गोष्टी एका जीनवर चालतात, आणि त्यातलं भारी उदाहरण आपल्या महाराष्ट्रातलं आहे. फलटणला निंबकर संस्थेत डॉ. चंदा निंबकर आणि त्यांच्या टीमने हे काम केलं. आपली दख्खनी मेंढी एका वेताला एकच कोकरू देते सहसा. बंगालच्या सुंदरबनात गारोल म्हणून एक एवढीशी मेंढी आहे, अंगाने काहीच नाही पण जुळी-तिळी देते. तिच्यात फेक-बी नावाचा जीन आहे. अठराव्या शतकाच्या शेवटी कलकत्त्याहून जहाजातून बंगाली मेंढ्या ऑस्ट्रेलियाला गेल्या होत्या, आणि तिथल्या बुरुला मेरिनो मेंढीत हाच जीन सापडला, २००१ मध्ये त्याची डीएनए टेस्ट आली. फलटणला त्यांनी गारोलचा दख्खनीशी संकर केला आणि मग पिढ्यान्‌पिढ्या परत दख्खनी आकाराकडे आणलं, फक्त तो एक जीन धरून ठेवला, टेस्ट करून. तीच नारी सुवर्णा मेंढी. आपल्या नांदगाव-येवल्याकडच्या मेंढपाळाने मात्र हे घेताना विचार करावा, कारण वाडा पाठीवर घेऊन चालणाऱ्याला जुळी म्हणजे कधी कधी डोकेदुखी, आईला दूध पुरत नाही, घोड्यावर बांधायला कोकरं वाढतात. बसून पाळणाऱ्याला फायदा आहे.

ए टू दुधाचं पण तसंच, एका जीनमध्ये एका अक्षराचा फरक, बीटा केसीन ह्या दुधातल्या प्रथिनाच्या ६७ व्या जागेवर. टेस्ट सोपी, म्हणून जाहिरात पण सोपी. आपल्या देशी गायी बहुतेक ए टूच असतात आणि म्हैस पण, तेव्हा म्हशीचं दूध पिणाऱ्याने वेगळे पैसे मोजायचं कारण नाही. एवढंच बोलते, नाहीतर खाली भांडणं.

एक वळू चांगला निघाला की सगळे त्याच्याच मागे, ह्याचा धोका पण ऐकून ठेवा. अमेरिकेत १९६२ मध्ये जन्मलेला एक होल्स्टिन वळू, पॉनी फार्म आर्लिंडा चीफ. १६ हजार मुली त्याच्या! दूध खरंच वाढलं जगभर. पण त्याच्या एका जीनमध्ये खोट होती, एका बाजूने आली तर काही नाही, आई आणि बाप दोघांकडून आली की वासरू पोटातच मरतं. पुढे नातवंडं-पतवंडं एकमेकांत भरली गेली, आणि सुमारे ५ लाख गर्भपात त्या एका खोटीने झाले असा शास्त्रज्ञांचा हिशोब आहे. आता टेस्ट आहे, वाहक वळू ओळखता येतात. आपल्या गावात काय होतं? गावचा एकच वळू, नाहीतर टाकीत त्याच नंबरच्या कांड्या, तीन वर्षांनी त्याचीच मुलगी माजावर आणि तोच बाप. नंबर लिहिलेला नसेल तर कळणार कसं? मला मागच्या वर्षी कळलं, ह्या पानामुळे, कांडी काढून गरम पाण्यात टाकायच्या आधी मी नंबर वाचायला मागितला तर निघाला बापाचाच. डॉक्टर पण दचकले, दुसरी काढली.

इगतपुरी-त्र्यंबककडचे पण बघतायत ना? तुमच्या डांगी गायीला एचएफ टाकायची घाई करू नका दादा. आमच्या सिन्नरला मुरघास आहे, हौदाचं पाणी आहे, चार पंखे आहेत. तुमच्याकडे चार महिने पाऊस, चिखलणीत गुडघाभर पाण्यात उभं राहायचंय. डांगीच्या कातडीला तेलकटपणा असतो, पाणी अंगावर ठरत नाही, खूर काळे आणि टणक, सडत नाहीत. हेही जेनेटिक्सच आहे, फक्त ते लिटरमध्ये मोजत नाहीत. घोटीच्या बाजारात खूर आणि कातडी बघून बैल निवडणारे म्हातारबाबा तेच तर करत होते, वळू निवडत होते. तिथे डांगीला डांगीच, चांगल्या नोंदीचा.

(मागून हंबरण्याचा आवाज)

हो गं, आले. ही चंद्री. तिला वीस दिवसांपूर्वी सॉर्टेड भरलीय, ही शेवटची गुलाबी कांडी तिचीच. कालवडीला टाका म्हणते आणि स्वतः तिसऱ्या वेताच्या गायीला टाकली, काय करू, हिची कालवड पाहिजेच मला, तेरा लिटरची असली तरी. उद्या एकविसावा दिवस. रात्री दोनदा उठून बघणार आहे, माजाची तार टाकते का, दुसरीवर चढते का. उलटली तर कॉमेंटमध्ये लिहीन, नाही उलटली तरी लिहीन. चला, धारेची वेळ झाली.